वरचे तीनशे चाळीस ग्रॅम

१

वजनमापांच्या कचेरीत सत्तावीस वर्षं काढली की माणसाचं नाव मागे पडतं आणि कामच नाव होऊन बसतं. काटेबाईंचं तसंच झालं होतं. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले वजनकाटे तपासायचे, खरे निघाले तर शिक्का मारायचा, खोटे निघाले तर उचलून आणायचे, हे त्यांचं काम. त्या नुसत्या रस्त्याने जाताना दिसल्या तरी दुकानदारांना घाम फुटायचा. ताई घरातही मीठ तोलून घालते, असं त्यांची धाकटी बहीण सगळ्यांना सांगायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

अशा बाईंनी एक्कावन्नाव्या वर्षी एकटीने डोंगरात जायचं ठरवल्यावर तयारीही तशीच होणार. आठ दिवसांची पायवाट, सगळ्यात वर एक खिंड, आणि खिंडीच्या अलीकडे-पलीकडे एकेक दिवस माणसाची वस्ती नाही. जेवणाच्या टेबलावर नकाशा अंथरला होता तो काही उचलला जाईना, ताटं त्याच्या कडेकडेने मांडली जायची. पहिल्या मुक्कामाच्या घरमालकाशी त्या फोनवर तीनदा बोलल्या होत्या.

"ताई, पाठीवर दहा किलो," तो म्हणाला होता. "त्याच्यावर चिमूटभरसुद्धा नको. वर हवा विरळ असते. खाली हातात उचलून बघाल तेव्हा काही वाटणार नाही, पण खिंडीत तेच वजन माणसाला खाली बसवतं. आणि तुम्ही एकट्या. बसलात तर उठवायला कोण आहे?"

काटेबाईंना हा माणूस एकदम पसंत पडला. दहा म्हणजे दहा, ही त्यांच्या ओळखीची भाषा होती. त्यांनी एकेक वस्तू कचेरीतल्या नाजूक काट्यावर तोलली. टूथब्रशची दांडी अर्धी कापली, कपड्यांच्या कॉलरमागची लेबलं उसवली, पुस्तक नको म्हणून बाजूला ठेवलं. सगळ्याची बेरीज बॅगसकट नऊ किलो चारशे दहा ग्रॅम झाली. त्या रात्री त्यांना फार दिवसांनी गाढ झोप लागली.

आई, वय एकोणऐंशी, नजर जवळजवळ गेलेली, दिवसभर गॅलरीतल्या खुर्चीत बसून असायची. खुर्चीवर हवेची एक जाड उशी होती. आई बसली की ती फुस्स करून दबायची आणि आई उठली की हळूहळू श्वास घेतल्यासारखी फुगायची. स्वयंपाकघरात काम करतानाही काटेबाईंना त्या आवाजावरून कळायचं, आई बसली का उठली.

"कोण कोण जाताय?" आईने विचारलं.

"मी एकटीच गं. किती वेळा सांगू?"

"ते कळलं. पण एकटी म्हणजे कोण कोण?"

काटेबाई हसल्या. वय झालं की माणूस असं बोलतं, हे त्यांनी मनाला सांगितलं.

२

एकच वजन दोन रीतींनी घ्यायचं, असा कचेरीचा जुना शिरस्ता होता. एकदा आकड्याला टांगून, एकदा मोठ्या काट्यावर ठेवून. काटा एका रीतीने खोटं बोलला तरी दुसरीत पकडला जातो. निघायला अठरा दिवस असताना काटेबाईंनी जेवणाच्या सुट्टीत बॅग आणली आणि शिरस्ता पाळला.

आकड्याला टांगून बॅग नऊ किलो चारशे दहा. चोख. मग त्या स्वतः मोठ्या काट्यावर उभ्या राहिल्या. हा काटा म्हणजे जमिनीपासून चार बोटं उंच असलेली लोखंडी फळी आणि समोर हिरव्या आकड्यांचा दिवा. अठ्ठावन्न किलो दोनशे. खाली उतरल्या, बॅग पाठीला लावली, पुन्हा चढल्या.

सदुसष्ट किलो सहाशे दहा यायला हवे होते. आले सदुसष्ट किलो नऊशे पन्नास.

तीनशे चाळीस ग्रॅम वर.

त्यांना राग आला. भीती नाही, राग. आपल्याच कचेरीचा काटा चुकतो म्हणजे काय! त्यांनी कपाटातून प्रमाण वजनं काढली, हातमोजे घालून एकेक फळीवर ठेवली. काटा केसाइतकाही हलला नाही. पुन्हा बॅग लावून चढल्या. तीनशे चाळीस वर.

कोपऱ्यात कचेरीचे मिस्त्री डबा खात बसले होते. बिघडलेले काटे दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, दोन महिन्यांवर निवृत्ती आलेली.

"बाई, जेवून चढलात का?"

"जेवले नाही अजून."

"मग राग आला असेल. रागाचंही वजन असतं." मिस्त्री हात धुऊन आले. त्यांनी बॅग स्वतःच्या पाठीला लावली आणि फळीवर चढले. त्यांचं वजन अधिक बॅगेचं वजन, बेरीज तंतोतंत. त्यांनी हिरव्या आकड्यांकडे पाहिलं, मग काटेबाईंकडे. "काटा खरा आहे आणि बॅगही खरी आहे," ते म्हणाले, आणि उरलेलं वाक्य डब्याबरोबर बंद करून टाकलं.

काटेबाई दिवसभर स्वतःशी वाद घालत राहिल्या. चप्पल तीच होती. खिसे रिकामे होते. पाठीला बॅग लावली की माणूस पुढे वाकतो, फळीवर जोर वेगळा पडतो. पण जोर कसाही पडला तरी वजन वाढत नाही, हे त्या नव्याने लागलेल्या लोकांना पहिल्याच दिवशी शिकवत. शेवटी त्यांनी ठरवलं की आपण दमलो आहोत. दमलेल्या माणसाचं वजन वाढतं असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, पण तेवढ्यावर त्यांनी तो दिवस ढकलला.

३

आई चालायची ती काटेबाईंच्या मागे, त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, न्हाणीघरापासून गॅलरीपर्यंत, जिना उतरून दवाखान्यापर्यंत. नजर गेल्यापासून अकरा वर्षं हेच चाललं होतं. उंबरा किंवा पायरी जवळ आली असं वाटलं की आईची बोटं आवळायची आणि ती विचारायची, "पायरी आहे का गं?" काटेबाई सांगायच्या, "एक आहे, सावकाश." आधी त्या उतरायच्या, मग क्षणभर थांबून आई. झोपेत विचारलं असतं तरी त्यांनी हेच उत्तर दिलं असतं.

खरं सांगायचं तर या अकरा वर्षांत त्या एकट्या अशा कुठे गेल्याच नव्हत्या. कचेरी आणि घर, घर आणि कचेरी. आईवर माया होती, भरपूर होती. पण मायेला सुट्टी नसते आणि माणसाला हवी असते. धाकटी अकरा दिवस राहायला यायला तयार झाली तेव्हा काटेबाई न्हाणीघरात नळ सोडून रडल्या होत्या, आनंदाने.

आता त्या रोज सकाळी भरलेली बॅग घेऊन चार मजल्यांचा जिना चढउतार करायच्या. डावा पट्टा सारखा घट्ट व्हायचा. सैल करावा, पुन्हा घट्ट. डाव्या खांद्यावर लाल वळ उठला, उजव्यावर काही नाही. पट्ट्याची शिवण बघितली, ती ठीक होती.

निघायला बारा दिवस असताना त्यांनी कचेरीत पुन्हा वजन केलं. एक किलो तीनशे ग्रॅम वर.

त्या संध्याकाळी आईला खुर्चीतून उठवताना त्यांच्या हाताला काहीतरी वेगळं लागलं. रोज आईला उठवताना कंबरेत एक कळ यायची. आज ती आली नाही. आई रिकाम्या टोपलीसारखी उठली.

"हलकं वाटतंय गं आजकाल," आई खुशीत म्हणाली. "सांधेसुद्धा दुखत नाहीत."

घरात कचेरीतून मोडीत काढलेला एक छोटा काटा होता. दर महिन्याला आईचं वजन करून डॉक्टरांच्या कार्डावर लिहायचं, कारण गोळ्या त्यावर ठरायच्या. मागच्या महिन्यात चव्वेचाळीस किलो तीनशे लिहिलं होतं. काटेबाईंनी आईला फळीवर उभं केलं.

त्रेचाळीस.

त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. मग कागदावर केली. कागदावरही तेवढीच आली, बरोबर एक किलो तीनशे.

४

डॉक्टर म्हणाले, या वयात एवढं इकडेतिकडे होतंच. रक्त ठीक, छाती ठीक, भूक छान.

"बरोबर एवढंच कमी व्हावं?" काटेबाईंनी विचारलं.

"एवढंच म्हणजे केवढं?"

त्यांनी कार्ड पिशवीत टाकलं आणि आईचा हात खांद्यावर घेऊन त्या बाहेर पडल्या. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांना पहिल्यांदा जाणवलं की आईचा हात खांद्यावर आहे की नाही हे वळून पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि घरी एकट्या जिना चढतात तेव्हा मात्र तो नक्की असतो.

त्यांनी धाकटीला फोन केला. धाकटीचा जीव दोन मुलांत, नोकरीत आणि सासूच्या गुडघ्यात अडकलेला, पण ताईचा शब्द ती खाली पडू देत नसे.

"ताई, तू माणसं मोजतेस का धान्य?" ती हसली. "म्हातारी माणसं सुकतात. तू जा गं. नाही गेलीस ना, तर नंतर आयुष्यभर तिच्यावर चिडत राहशील, आणि ते तिला माझ्यापेक्षा आधी कळेल."

हे वर्मी लागलं, कारण चिडणं सुरू झालंच होतं. दोन काटे समोरासमोर उलट बोलत होते, आणि अशा वेळी काय समजायचं हे काटेबाईंना सत्तावीस वर्षांचा अनुभव सांगत होता. एका पारड्यात घट आणि दुसऱ्यात तेवढीच वाढ, याला चूक म्हणत नाहीत. माल इकडून तिकडे गेला असं म्हणतात.

पण हा माल नव्हता, ही आई होती. आणि ती तर गॅलरीत बसून शेंगा सोलत होती!

निघायला सहा दिवस राहिले असताना त्यांनी सगळं रद्द करायचं ठरवलं. बॅग पलंगावर उपडी केली, तंबू, मोजे, डबे, सगळं कपाटात कोंबलं. गॅलरीत उशी फुगल्याचा आवाज झाला नाही, पण मागे वळून बघतात तर आई खोलीच्या दारात उभी. एकटी. भिंतीला हात न लावता.

"बॅग का रिकामी केलीस?" आईने विचारलं. "आपण नाही का जायचं?"

"आपण नाही, मी जाणार होते. आता तेही नाही."

आईचा चेहरा लहान मुलीसारखा पडला. "मी कधीच डोंगर बघितला नाही," ती म्हणाली. "तिथे पायऱ्या असतात का गं?"

काटेबाईंनी तिला धरून खुर्चीत नेऊन बसवलं. उशी थोडीशी फुसफुसली. मग त्या कपाटापुढे उभ्या राहिल्या आणि बॅग नसलेल्या आपल्या डाव्या खांद्यावर हात फिरवला. तिथे ओझं होतंच. बॅग रिकामी केल्याने काहीही परत गेलेलं नव्हतं. मग थांबायचं तरी कशासाठी, असं त्यांच्या मनात आलं, आणि या विचाराची त्यांना लाज वाटली. लाज वाटतच त्यांनी बॅग पुन्हा भरली.

५

निघायच्या आदल्या दिवशी त्या सुट्टीवर होत्या, तरी कचेरीत गेल्या. दुपारचे तीन वाजले होते. मिस्त्री खिडकीशी एका काट्याच्या पोटात पेचकस घालून बसले होते.

काटेबाई बॅग लावून फळीवर चढल्या. त्र्याहत्तर किलो सातशे दहा. सहा किलो शंभर वर. सकाळी घरी आईचं वजन अडतीस किलो दोनशे भरलं होतं. ही वजाबाकी आता कागदावर करायची गरज नव्हती.

दिव्याखाली एक बटण असतं. रिकामं भांडं काट्यावर ठेवून ते दाबलं की काटा शून्यावर येतो, म्हणजे भांड्याचं वजन मालात धरलं जात नाही. खोटे दुकानदार हेच बटण भलत्या वेळी दाबतात. काट्यात खोट दिसली तर खोट शोधायची, आकडा पुसायचा नाही, हे काटेबाईंनी किती जणांना सुनावलं असेल! या एका गोष्टीसाठी त्यांनी लोकांची दुकानं बंद केली होती.

त्यांनी हात पुढे केला आणि बटण दाबलं.

हिरवे आकडे विझले, पुन्हा लागले. शून्य. त्या, त्यांची बॅग आणि वरचं जे काय होतं ते, सगळं मिळून शून्य. छातीवरचा दगड बाजूला झाल्यासारखा त्यांनी श्वास सोडला. मिस्त्रींनी ते पाहिलं होतं. त्यांनी मान खाली घातली.

मग काटेबाई फळीवरून उतरल्या.

माणूस उतरला की असा काटा उणे आकडा दाखवतो. उणे त्र्याहत्तर किलो सातशे दहा दिसायला हवं होतं. त्यांनी वळून पाहिलं.

उणे सदुसष्ट किलो सहाशे दहा.

आकडा स्थिर होता, म्हणजे सहा किलो शंभर अजून वरच होते. फळी रिकामी होती, दुपारचं ऊन तिच्यावर पडलेलं, त्यात चपलेची धूळ दिसत होती. काटेबाई पाहत राहिल्या. क्षणभर तसाच गेला. मग आकडा थरथरला, थोडा खाली गेला, थांबला, आणि उरलेला एकदम खाली गेला. आधी एक पाय, मग दुसरा.

उणे त्र्याहत्तर किलो सातशे दहा.

"मिस्त्री," त्यांनी विचारलं. "दिवा अडकतो का हो कधी?"

"जुना झाला की अडकतो," मिस्त्री म्हणाले.

"हा जुना आहे?"

मिस्त्रींनी पेचकस पुसला, जागेवर ठेवला. "चार महिन्यांपूर्वी तुम्हीच शिक्का मारलाय, बाई," ते म्हणाले. काटेबाई दाराशी गेल्या तेव्हा मिस्त्री आपलं स्टूल मागे सरकवून उभे राहिले. दार अरुंद होतं आणि एका माणसाला जायला पुरेसं होतं. त्यांनी मात्र जरा जास्तच जागा दिली.

६

सकाळी धाकटी आली. आई न्हाऊन, केस विंचरून गॅलरीत बसली होती. काटेबाईंनी वाकून नमस्कार केला. आईने त्यांच्या गालावरून हात फिरवला, तो त्यांना नुसता दिसला.

"जपून जा," आई म्हणाली, आणि समाधानाने हसली. "मला काही त्रास होणार नाही बघ."

कुणाला सांगते आहे ही? काटेबाईंना कळलं नाही. थांबावं, पायताण काढावं, बॅग फेकून द्यावी असं त्यांना मनापासून वाटलं. जावं असंही तितकंच मनापासून वाटलं. दोन्ही पारडी सारखी झाली की काटा मधोमध थरथरत राहतो. धाकटीने त्यांना दाराबाहेर ढकललं तेव्हा त्यांना कुणीतरी निकाल दिल्यासारखं वाटलं आणि त्या जिना उतरल्या. चारही मजले. प्रत्येक वळणावर त्या क्षणभर का थांबत होत्या, हे त्यांचं त्यांना ठाऊक नव्हतं.

बस साडेनवाची होती. उतारूंची रांग दारातून आत सरकत होती. सामानाच्या खिडकीवरच्या माणसाने बॅग टांगून पाहिली होती. नऊ किलो चारशे दहा, चोख. "पाठीवरच ठेवा, बाई, काहीच नाही हे," तो म्हणाला होता. काटेबाईंनी ती पाठीला लावली आणि त्यांचे गुडघे वाकले. चोपन्न किलोच्या आसपास, असं त्यांच्या हिशेबी मनाने आपोआप सांगितलं. नको म्हटलं तरी त्याने पुढची वजाबाकीही केली.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटी.

"ताई, निघालीस का?"

"चढतेच आहे. आई कशी आहे?"

"छान आहे अगं. बसलीये खुर्चीत, हसतेय. फक्त..." धाकटी थांबली. मागे गॅलरीखालची नेहमीची रहदारी ऐकू येत होती. "तुझी ती उशी आहे ना, फुस्स करणारी. मी आईला दोनदा उठवून बसवलं. बसली आहे गं ती, माझ्या डोळ्यांसमोर बसली आहे. पण उशी दबत नाहीये. अशी टम्म फुगलेली आहे, कोणी बसलंच नसल्यासारखी. हिला झालंय तरी काय, ताई?"

"तिला हाक मार," काटेबाई कशाबशा म्हणाल्या. "बोलते का बघ."

"आई!" फोनमध्ये धाकटीचा आवाज लांब गेला. "आई, ताई विचारतेय, बरी आहेस ना?"

फोनमधून उत्तर आलं नाही. काटेबाई कानाशी फोन धरून थांबल्या. मागचा उतारू, "चला हो, पुढे चला," म्हणाला. बसचं दार समोर उघडं होतं. अजून मागे फिरता आलं असतं. रस्ता ओलांडला की घरची बस, वीस मिनिटांचा प्रवास. त्यांनी तसं ठरवलंही होतं, ते नंतर त्यांना नक्की आठवत होतं. त्यांनी वळायला पाय उचलला.

डाव्या खांद्यावरची बोटं आवळली.

अकरा वर्षांची सवय. काटेबाईंच्या तोंडून शब्द निघून गेले, त्यांना अडवता आले नाहीत.

"दोन आहेत," त्या म्हणाल्या. "सावकाश."

आणि आधी त्या चढल्या, मग क्षणभर थांबल्या.